दोन नर गिनी पिग भांडतायत? या चुका टाळा, यातल्या बऱ्याच मी केल्यात

आमच्याकडे तिळ्या आणि गुळ्या आले ते संक्रांतीच्या आठवड्यात, म्हणून ही नावं. सख्खे भाऊ, दीड महिन्याचे, एकमेकांच्या अंगावर पडून झोपायचे. मग मे महिन्यात एका रात्री साडेअकराला पिंजऱ्यातून असा काही आवाज आला की मला वाटलं मांजर शिरलं घरात. लाईट लावून बघते तर गुळ्या मानेवरचे केस फुगवून तिळ्याच्या मागे लागलाय आणि तिळ्या जिवाच्या आकांताने ओरडतोय. मी तिळ्याला उचललं, खोक्यात घातलं आणि नऊ दिवस दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं. रक्ताचा एक थेंब नव्हता, कुठे केस उपटलेला नव्हता, तरी ठेवलं. दहाव्या दिवशी परत त्याच पिंजऱ्यात सोडले आणि पाच मिनिटांत तिळ्याचा ओठ फाटला. पहिल्या रात्री जे चाललं होतं ती नुसती कुरबुर होती, खरं भांडण माझ्या त्या नऊ दिवसांनी लावलं, आणि हे कळायला मला बराच वेळ लागला म्हणून सविस्तर लिहितेय.

आवाज ऐकून निर्णय घेणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि जवळजवळ प्रत्येकजण करतो. गिनी पिग मुळात ओरडणारा प्राणी आहे, आणि जो दबतो तोच जास्त ओरडतो, म्हणजे तो समोरच्याला सांगत असतो की बाबा तू मोठा, मला सोड. त्यामुळे कानावर जाऊ नका, अंगाकडे बघा. कंबर डुलवत, खर्जात गुरगुरत दुसऱ्याभोवती हळूहळू फिरणं, मागून हुंगणं, पाठीवर चढणं, थोडं पळवणं, हनुवटी वर करून कोण उंच ते बघणं, मधूनच दात थोडेसे वाजवणं, हे सगळं दोन नरांमध्ये चालतंच. मोठा कोण हे ठरवायची त्यांची पद्धत आहे ती. साधारण चौथ्या महिन्यापासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत हे जास्त असतं कारण तेव्हा ते वयात येतात, आणि आपल्याला वाटतं कालपर्यंत गोड असलेली पिल्लं अचानक बिघडली. बिघडलेली नसतात.

काळजी कधी करायची? दोघंही समोरासमोर थांबलेत, दोघांचेही केस उभे, दोघांचेही दात सलग आणि जोरात वाजतायत, तोंड उघडून दात दाखवतायत आणि कोणीच मागे हटत नाहीये. हे "दोघंही" महत्त्वाचं आहे. एक जण मागे सरला तर विषय तिथेच संपतो, पण दोघं अडून बसले तर पुढची पायरी म्हणजे अंगावर झेप घेणं आणि शेवटी दोघांचा मिळून एक गोळा होतो, कोण कुठे ते कळत नाही. त्या गोळ्यात रक्त निघतं. दोघांचेही दात असे सलग वाजायला लागले की टाळी वाजवा, गवताची पिशवी खुळखुळवा, मध्ये एक पुठ्ठा सरकवा, पुष्कळदा तेवढ्याने लक्ष उडतं आणि दोघं खायला धावतात.

आणि एक प्रकार असा असतो जो आवाज न करता चालतो म्हणून सुटून जातो. एक जण दुसऱ्याला गवतापाशी येऊच देत नाही, पाण्याच्या बाटलीपासून हाकलतो, दबलेला दिवसभर एका कोपऱ्यात बसतो. जखम नाही, ओरडणं नाही, पण वजन उतरत जातं. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, दोघांना तोला आणि लिहून ठेवा. मोठ्या नराचं वजन साधारण ९०० ते १२०० ग्रॅम असतं, एका आठवड्यात ५० ग्रॅमच्या वर उतरलं तर काहीतरी बिनसलंय असं समजा. मला हा काटा कुठल्याही खेळण्यापेक्षा, महागड्या बेडपेक्षा जास्त गरजेचा वाटतो.

मध्ये हात घालणं

नका घालू. ते तुम्हाला चावत नसतात, ते एकमेकांना चावत असतात आणि मध्ये तुमचं बोट येतं, आणि गिनी पिगचे पुढचे दात बोटात खोल जातात. जाड टॉवेल दोघांवर टाका, किंवा केराची सुपली मध्ये घाला, मग टॉवेलसकट एकाला उचला.

जखम असेल तर सलाईनने धुवा, केस बाजूला करून नीट बघा, ओठ, कान, पाठीचा मागचा भाग आणि वृषणं, कारण चावे इथेच जास्त सापडतात. जखम वरून छोटी दिसते आणि आत पू धरतो, चार-पाच दिवसांनी गाठ हाताला लागते, त्यामुळे खोल चावा असेल तर डॉक्टर हवाच. आणि हे नीट वाचा: घरातली उरलेली अँटिबायोटिक कधीही देऊ नका. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडावाटे दिलं तर गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि प्राणी दगावू शकतो. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला याचा अनुभव असतोच असं नाही, म्हणून फोनवर आधी विचारा की ससे, गिनी पिग बघता का. भांडणानंतर १२ तासांत एखाद्याने काहीच खाल्लं नसेल तर सकाळची वाट बघू नका, त्यांचं पोट सतत चालू राहावं लागतं, थांबलं की जीवावर बेततं.

लहान पिंजरा आणि एकच सगळं

दुकानात जो दोन फूट बाय दीड फुटाचा रंगीत पिंजरा देतात ना, त्यात दोन नर राहूच शकत नाहीत. मी एवढं ठाम सांगतेय कारण आमच्या अर्ध्या कटकटी जागा वाढवली त्या आठवड्यात थांबल्या. दबणाऱ्याला पळायला जागा हवी, वाकडं पळून नजरेआड होता आलं पाहिजे, ते जमलं नाही की तो उलटा फिरतो आणि मग जुंपते. दोन नरांना कमीत कमी १० ते १२ चौरस फूट सलग जमीन द्या. वरचा मजला, रॅम्प वगैरे यात धरू नका, त्यांना उंची नको, लांबी हवी. १४ इंची जाळीचे तुकडे, केबल टाय आणि खाली सनपॅक शीट (जाहिरातीच्या बोर्डांना वापरतात तो पन्हळी प्लास्टिकचा पत्रा) घेऊन दोन बाय पाच जाळ्यांचं घर आम्ही हॉलच्या भिंतीला लावून केलं, जवळपास १३ चौरस फूट झालं आणि रेडिमेड पिंजऱ्याच्या निम्म्या पैशात.

आत सगळं दोन-दोन. दोन बाटल्या, दोन वाट्या, दोन गवताचे ढीग, आणि एकमेकांपासून लांब, नाहीतर एकच जण मध्ये बसून दोन्ही सांभाळतो. लपायच्या जागेला दोन दारं हवीत, हे फार लोकांना माहीत नसतं. एकाच दाराचं क्यूट लाकडी घर म्हणजे सापळा, एक आत अडकतो आणि दुसरा दार अडवून उभा राहतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला समोरासमोर दोन भोकं पाडा, झालं. पलंग, झोका असल्या एकट्याने बसायच्या गोष्टी सुरुवातीला टाळाच, त्यावरूनच वाजतं. भाजी देताना वाटीत देऊ नका, कोथिंबीर आणि सिमला मिरचीचे तुकडे घरभर पसरून टाका, शोधत बसले की भांडायला वेळ राहत नाही. सिमला मिरची तशीही रोज हवी, आपल्यासारखंच त्यांच्याही अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही.

सफाईचंही बघा. रविवारी सगळं घासूनपुसून फिनाईलचा वास सोडला की त्यांच्या दृष्टीने हे कोणाचं घर ते पुसलं जातं आणि मोठा कोण हे परत पहिल्यापासून ठरवायला लागतं. आमच्याकडे दर रविवारी संध्याकाळी कुरबुर व्हायची त्याचं कारण हेच निघालं. आता मी एका वेळी अर्धं घर साफ करते आणि थोडं जुनं, कोरडं गवत परत आत टाकते. फिनाईल तर बंदच.

उन्हाळ्यातही माणसासारखेच चिडचिडे होतात. २६-२७ अंशांच्या वर गेलं की त्यांना त्रास सुरू होतो, पुण्यात एप्रिलमध्ये काय असतं ते सांगायला नको. पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून कापडात गुंडाळून ठेवा, आणि हो, दोन बाटल्या, एक नाही.

तिसरा आणणं, मादी आणणं, ऑपरेशन करणं

"एक अजून आणा, लक्ष बदलेल" हा सल्ला मला चार जणांनी दिला. तिसऱ्या नराने भांडण मिटत नाही, तिघांचं राजकारण सुरू होतं आणि हाती दोन पिंजऱ्यांऐवजी तीन येतात. मादी तर त्याच खोलीतही नको, नुसत्या वासाने नर एकमेकांवर उठतात. कधीकधी घोळ इथेच असतो, दुकानात दोन्ही नर म्हणून दिलेले असतात आणि त्यात एक मादी निघते, म्हणून आणल्या आणल्या डॉक्टरकडून नर-मादी तपासून घ्या. नर तीन आठवड्यांचा झाला की पिल्लं होऊ शकतात, थट्टा नाही.

नसबंदीबद्दल लोकांचा समज असा की केली की शांत होतात. मादीसोबत ठेवायचं असेल तर ती हवीच (आणि तीही ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे थांबून), पण दोन नरांमधली भांडणं तिने थांबतील असं धरून चालू नका, स्वभाव तोच राहतो आणि एवढ्याशा जिवाला भुलीचा धोका असतोच. सशासोबत ठेवणंही नको, सशाची एक लाथ पुरे होते आणि त्याच्याकडून श्वासाचा आजार लागू शकतो.

परत एकत्र आणताना घाई

एकदा वेगळे केले की ती नवीन ओळख असते, भाऊ असले तरी. आम्ही ओठ बरा झाल्यावर मोठ्या घराच्या मध्ये जाळी लावून दोघांना शेजारी ठेवलं, एकमेकांचा वास येतो, बोलता येतं, चावता येत नाही. दर दोन दिवसांनी त्यांच्या बाजू बदलायच्या. तीन आठवड्यांनी दोघं जाळीला पाठ लावून झोपायला लागले, तेव्हा पुढचं पाऊल टाकलं.

भेट घालायची ती दोघांच्याही मालकीची नसलेल्या जागेत. आम्ही बेडरूममध्ये जुन्या चादरी पसरल्या, मध्ये गवताचा डोंगर, चहूबाजूंना कोथिंबीर, लपायला काहीच नाही. शेजारी टॉवेल आणि सुपली. सुट्टीचा दिवस, घरात पाहुणे नाहीत, टीव्ही बंद. पहिला अर्धा तास गुरगुर, चढणं, पळापळ, माझे हात शिवशिवत होते पण उचललं नाही, कारण दर पाच मिनिटांनी उचललं की त्यांचं ठरणं अर्धवट राहतं आणि परत शून्यापासून सुरू. तासाभराने तिळ्या बाजूला जाऊन गवत खात बसला, मग गुळ्याही. चार तास तिथेच ठेवले. तेवढ्या वेळात नवऱ्याने घर धुऊन सगळं सामान जागा बदलून लावलं आणि मग दोघांना एकदम आत सोडलं. दोन दिवस अधूनमधून पळापळ चालली, मग थंड.

दोघांना एकत्र आंघोळ घातली की दोस्ती होते असं बरेच लोक सांगतात. भीतीने गप्प बसलेले दोन ओले प्राणी बघून आपल्याला ती दोस्ती वाटते एवढंच, ते करू नका.

जुनी जोडी अचानक भांडली तर

दोन वर्षं सुरळीत गेली आणि परत गुळ्या तिळ्यावर धावून जायला लागला, जरा जवळ आला की फटकन तोंड टाकायचा. मी परत पिंजरा, वाट्या, गवत सगळं तपासत बसले, गुळ्याला तपासायचं सुचलंच नाही. आठवड्याने लक्षात आलं की तो सारखा खाजवतोय आणि पाठीवर केस विरळ झालेत. खरूज होती. पाठीला नुसतं लागलं तरी त्याला सहन होत नव्हतं आणि तिळ्या नेमका पाठीवर चढायचा. डॉक्टरांनी वजनावर मोजून औषध दिलं, दोघांनाही, कारण ती लागण एकाची राहत नाही. महिन्याभरात धावून जाणं बंद. दाढा वाढणं, मूतखडा, पायाला जखम, काहीही असू शकतं. मोठ्या वयाची जोडी अचानक बिनसली तर आधी दुखणं शोधा.

आणि सगळं करूनही काही जोड्या जमत नाहीत. दोनदा नीट ओळख करून दिली आणि दोन्ही वेळा रक्त निघालं तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नका, कायमचे वेगळे करा. वेगळे म्हणजे वेगळ्या खोलीत नाही, मध्ये जाळी ठेवून शेजारी, प्रत्येकाला निदान सात-आठ चौरस फूट, आणि गवताचा ढीग जाळीला लागून दोन्ही बाजूंनी, म्हणजे खाताना तरी तोंडं समोरासमोर येतात.