डिपॉझिटमधून भरमसाठ पैसे कापले तर काय करायचं (कर्वेनगरच्या फ्लॅटचा हिशोब)

आम्ही पुण्यातला कर्वेनगरचा फ्लॅट सोडला तेव्हा डिपॉझिट होतं 75,000 आणि खात्यात परत आले 34,060. बाकीचे कुठे गेले विचारल्यावर मालक काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला, पेंटिंग 25,000, गिझर 6,500, डीप क्लीनिंग 4,500, किचन ट्रॉली 3,800, लाइट बिल 1,140, खाली दोन रेघा मारून टोटल. लाइट बिल सोडलं तर सगळे आकडे गोल, म्हणजे तेवढं एकच बिल समोर ठेवून लिहिलेलं.

अशा वेळी लगेच फोन लावावासा वाटतो, लावू नका. फोनवर तुम्ही चिडता, ते चिडतात, आणि हातात काहीच उरत नाही. मी दोन तास थांबून एवढंच टाइप केलं: "काका, हिशोब मिळाला. लाइट बिल मान्य आहे. बाकी प्रत्येक रकमेचं बिल आणि कामाच्या आधीचे-नंतरचे फोटो पाठवा, बघून कळवतो. पेंटिंगचं अ‍ॅग्रीमेंटमध्ये कुठे लिहिलंय तेही सांगा." दोन दिवस ब्लू टिक, उत्तर नाही. मग "अहो पुण्यात सगळीकडे असंच असतं" आलं, आणि बिल मात्र एकही आलं नाही.

आता हे पेंटिंगचं. सोडताना एक महिन्याचं भाडं रंगकामाला कापायची पद्धत खरंच आहे, ब्रोकरही तेच सांगतात. पण पद्धत वेगळी आणि करारातलं कलम वेगळं. म्हणून लिव्ह अँड लायसन्सची (म्हणजे भाडेकराराची) पीडीएफ काढून प्रत्येक ओळ वाचा. लिहिलेलं असेल तर सही तुमचीच आहे, वाद घालायला जागा कमी, तरी कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट 1872 चं कलम 74 बघून ठेवा, करार मोडल्याबद्दल रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि त्या रकमेच्या वर तर नाहीच. आमच्या करारात पेंटिंगचा शब्द नव्हता, उलट "नॉर्मल वेअर अँड टेअर सोडून" असं होतं. बावीस महिने माणसं राहिली की रंग फिका पडणार, पडद्यांच्या स्क्रूची भोकं राहणार, टाइल्सच्या फटी काळ्या होणार, ही वापराची झीज झाली.

बेडरूमची एक भिंत मात्र पोपडे येऊन पार खराब झाली होती. ती बाहेरून ओल येत होती, आणि मी जुलैतच फोटो टाकून लिहिलं होतं की काका पावसाचं पाणी झिरपतंय, त्यावर त्यांचा अंगठा आला होता. फक्त अंगठा. नंतर तोच सगळ्यात जास्त कामाला आला. म्हणून राहत असतानाच काय गळतंय, काय बंद पडलंय ते लिहून कळवत जा. आणि चॅट जपा, फोन बदलायचा असेल तर बॅकअप घेऊन ठेवा, कारण प्रकरण कोर्टात गेलंच तर 2023 च्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट जोडावं लागतं, नुसते स्क्रीनशॉट चालतीलच असं नाही.

गिझरच्या पोटावर स्टिकर असतो, त्यावर मेकचं वर्ष असतं. आमच्यावर 2013 होतं. टँकरच्या क्षारवाल्या पाण्यावर इतकी वर्षं चाललेली कॉइल गेली तर नव्या गिझरचे पैसे आम्ही का द्यायचे? स्टिकरचा फोटो पाठवल्यावर तो मुद्दा त्यांनी परत काढलाच नाही.

आणि जे आपलं आहे ते कबूल करा, प्लीज. हॉलच्या भिंतीवर सायकलच्या हँडलचे काळे फराटे होते, ते माझेच. ट्रॉलीचं चॅनल पण आमच्याकडूनच वाकलं होतं. मी ओळखीच्या पेंटरकडून एका भिंतीचा भाव घेतला, 3,000, आणि चॅनल बदलायचे 1,400, हे दोन्ही कापा म्हणून स्वतःहून लिहिलं. तिथून काकांचा सूर जरा बदलला.

तरीही अडलं तर नोटीस. वकिलाकडून पाठवलेली बरी, पण आधी स्वतः साधं पत्र लिहिलं तरी चालतं. कराराची तारीख, डिपॉझिट कसं दिलं, चावी कधी दिली, कोणती कपात अमान्य आणि का, पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टने पाठवा, पावती सांभाळा (रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्येच मिसळलंय). मालक परदेशात आणि व्यवहार त्यांचे वडील बघतात असं इकडे खूप असतं, तेव्हा पत्र दोघांच्या नावाने आणि ईमेलवरही.

पोलीस स्टेशनला जाऊन बहुतेक वेळा "हा सिव्हिल मॅटर आहे" एवढंच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे तिथे जा, केस टाकायच्या आधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच, त्यावर अपील नाही. महिलांना तर उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबू नका, पेंटर-प्लंबर कोणाला काही आठवत नाही.

"पूर्ण पैसे द्या मगच चावी" हा सल्ला सगळे देतात, मला तो धोक्याचा वाटतो. मुदत संपून घर सोडलं नाही तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 खाली दुप्पट भाडं मागता येतं. चावी वेळेत द्या, पण देताना मालकांसोबत घरभर फिरून सलग व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग आणि चालू पंखे सकट, आणि "आज चावी मिळाली" एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या.

अजून एक, करारात डिपॉझिट कमी दाखवायचं आणि बाकी कॅश, असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा. स्टॅम्प ड्युटी वाचते म्हणतात. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्यावर 0.25 टक्के, म्हणजे 75,000 च्या डिपॉझिटवर अकरा महिन्यांचे वीस रुपयेसुद्धा होत नाहीत. आणि करार रजिस्टर करायची जबाबदारी त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मालकाची, केलाच नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

आम्हाला नोटीसनंतर अकराव्या दिवशी 35,400 आले. त्याआधी काकांनी "हिशोब पूर्ण मिळाला" असं सही करून मागितलं होतं, मी म्हटलं आधी खात्यात येऊ द्या, मग लगेच करतो. आले, मग केली.