गाडीत धुराचा वास येतोय? आत शिरायची वाट शोधा

एसीच्या जाळीला सुगंधाची डबी अडकवली की वास दबतो, धूर आत यायचा तो येतोच. धुरातला घातक वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग, ना वास. नाकाला जाणवतं ते त्याच्यासोबत आलेलं अर्धवट जळलेलं इंधन. काचा लावून अर्धा तास फिरल्यावर डोकं जड होत असेल, मळमळत असेल आणि खाली उतरल्यावर बरं वाटत असेल, तर गाडी बाजूला घ्या, काचा खाली करा, इंजिन बंद करा आणि सगळे बाहेर या. त्रास थांबला नाही तर डॉक्टरांकडे जा आणि गाडीतल्या धुराचं आवर्जून सांगा. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतानाही तो आकडा ठीकच दाखवतो. दोष सापडेपर्यंत ती गाडी प्रवासाला काढू नका.

पहिला संशय मात्र पुढच्या गाडीवर घ्यायचा. मुंबईत सायनच्या सिग्नलला समोर जुना ट्रक उभा असेल आणि बाहेरची हवा घेणारं बटण चालू असेल, तर वास त्याचाच. म्हणून तपासणी रविवारी पहाटे, रिकाम्या रस्त्यावर करा. काचा बंद, ब्लोअर मध्यम. दहा मिनिटं बाहेरची हवा घेऊन चालवा, मग दहा मिनिटं आतली हवा फिरवून. शेवटी परत बाहेरची हवा घेऊन पाच मिनिटं गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू ठेवा. हे मोकळ्या जागीच करा. इमारतीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये अजिबात नको.

या पंचवीस मिनिटांत निम्मं निदान होतं. बाहेरची हवा वायपरखालच्या जाळीतून आत येते. त्यामुळे गाडी उभी असताना आणि बाहेरची हवा चालू असताना वास वाढला, तर गळती बॉनेटखाली. उलट बाहेरची हवा चालू असते तेव्हा केबिनमध्ये किंचित दाब तयार होतो आणि फटींतून हवा बाहेर ढकलली जाते. आतली हवा फिरवू लागलात की तो दाब जातो. तेव्हा, आणि तेही चालत्या गाडीत, वास वाढला तर धूर मागून किंवा फरशीतून येतोय. मागे बसलेल्यांचं डोकं दुखतं आणि चालवणाऱ्याला काहीच होत नाही, हीसुद्धा मागच्या वाटेचीच खूण. कोस्टल रोडच्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यात शिरताना आतली हवा फिरवणं बरोबरच आहे. पण गळक्या गाडीत तेच बटण कायम दाबून ठेवणं म्हणजे धूर कोंडून घेणं.

बॉनेटखाली काय बघायचं

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातून निघणारा धुराचा पहिला पाइप. त्याचं गॅस्केट, म्हणजे जोडातली सील करणारी चकती, गेलं असेल किंवा मॅनिफोल्डला तडा असेल, तर टिकटिक किंवा फुसफुस ऐकू येते आणि गरम झाल्यावर ती कमी होते. धातू प्रसरण पावून फट बुजते, एवढंच. म्हणूनच दुपारी गरम गाडी गॅरेजला नेली की मेकॅनिक म्हणतो, काही नाही. गाडी रात्रीच तिथे ठेवा. जोडावर काजळीची काळी रेघ दिसली तर तीच जागा.

डिझेल गाडीत इंजेक्टरच्या बुडाशी टॉर्च मारा. तिथे डांबरासारखा कडक काळा थर बसला असेल, तर इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर सुटलाय. वॉशर स्वस्त असतो, पण बसण्याची जागा नीट साफ न करता नवा टाकला तर काही दिवसांत तोच वास परत येतो. जुना वॉशर फिरवून वापरू देऊ नका.

बॉनेटच्या मागच्या कडेला रबराची पट्टी असते. इंजिनकडची हवा वायपरच्या जाळीकडे जाऊ नये म्हणून ती असते. डेंटिंग-पेंटिंगनंतर ती बऱ्याचदा परत बसवलीच जात नाही.

खाली आणि मागे

गळती शोधायची सर्वांत चांगली युक्ती घरी जमते. इंजिन पूर्ण थंड आणि बंद हवं. हवा बाहेर फेकणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप सायलेन्सरच्या तोंडाला लावा आणि भोवती जाड कापड गुंडाळा. मग एक लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड साबण घालून ते प्रत्येक जोडावर फवारा: मॅनिफोल्ड, जाळीचा फ्लेक्सिबल पाइप, फ्लँज (पाइपांचा नट-बोल्टचा जोड), ऑक्सिजन सेन्सरचे आटे, सायलेन्सरची वेल्डिंग. बुडबुडे येतील तिथे भोक. सायलेन्सरच्या तळाशी मुद्दाम ठेवलेलं बारीक भोक असतं, पाणी निघून जायला. तिथे बुडबुडे आले म्हणून वेल्डिंग करून घेऊ नका. पाणी आत साचून सायलेन्सर लवकर सडेल. गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. स्टँड लावा, किंवा गॅरेजच्या लिफ्टवर हे करा. आपल्याकडे फ्लेक्सिबल पाइप सर्वांत आधी जातो. खड्ड्यांचा आणि उंच स्पीडब्रेकरचा मार तोच खातो.

हॅचबॅक आणि एसयूव्हीला मात्र गळतीचीही गरज लागत नाही. चालत्या गाडीच्या पाठीमागे कमी दाबाची जागा तयार होते, आपलाच धूर तिथे घुटमळतो आणि डिकीत फट मिळाली की आत ओढला जातो. डिकीच्या दारात वर्तमानपत्राची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथलं रबरी बीडिंग मेलंय. पूर्ण काठाभर दर वीतभर अंतरावर हे करा. मग रात्री डिकीत पेटता टॉर्च ठेवून दार लावा आणि बाहेरून, बंपरखालूनही, उजेड कुठे झिरपतो ते बघा. टेल लॅम्पचं गॅस्केट आणि बंपरमागची हवेची झडप या दोन जागा हमखास चुकतात. सामान मावत नाही म्हणून डिकी अर्धवट दोरीने बांधून चालवणं तर धुराला आमंत्रणच.

स्टेपनी काढून तिच्याखालचा खळगा बघा. आपल्या खारट हवेत तिथे गंज धरतो आणि बोट जाईल एवढं भोक पडतं. पावसाळ्यात पाण्यात अडकलेल्या गाडीकडे तर वेगळ्या नजरेने बघायला हवं. पाणी काढताना फरशीतले रबरी बूच उपटतात आणि त्यातले एकदोन परत लागत नाहीत. गालिचा उचलून मोजा. तसे बूच कुर्ला-कलिना भागातल्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत मिळतील, पण जुना नमुना सोबत न्या.

वास धुराचाच आहे ना?

गोडसर वास कूलंटचा. सडक्या अंड्यासारखा वास बॅटरी जास्त चार्ज होत असल्याचा किंवा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडल्याचा. जळक्या तेलाचा वास असेल तर टॅपेट कव्हरमधून (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) ऑइल गरम मॅनिफोल्डवर ठिबकतंय. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा बाहेर तापलेला वास येतो आणि फॅन जोरात फिरतो. तो दोष नाही. पावसाळ्याआधी अँटिरस्ट मारून घेतलं असेल तर सायलेन्सरवर उडालेला रंग काही दिवस जळत राहतो. आणि रस्त्यावरची प्लास्टिकची पिशवी पाइपला चिकटून वितळली असेल, तर ती उलथन्याने खरवडली की विषय संपला.

सीएनजीचा उग्र वास आला तर वरचं काहीही करू नका. गाडी मोकळ्यावर थांबवून इंजिन बंद करा, सिलिंडरचा हाताचा वाल्व्ह बंद करा, सगळ्यांना दूर न्या आणि अधिकृत सीएनजी वर्कशॉपला बोलवा.

दुरुस्ती करताना एम-सीलचा लेप लावून घेऊ नका. मॅनिफोल्डजवळच्या उष्णतेत तो टिकत नाही. गॅस्केट नवं, आणि गंजलेले स्टड-नटही नवे. इलेक्ट्रिक वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा. वेल्डिंग टाकीच्या किंवा सीएनजी सिलिंडरच्या जवळ असेल, तर तो पाइप खाली उतरवूनच करा.

पीयूसी पास आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ते यंत्र सायलेन्सरच्या तोंडाशी मोजतं, मधल्या गळतीबद्दल ते काही सांगत नाही. दुरुस्तीनंतर बॅटरीवरचा छोटा कार्बन मोनॉक्साइड मीटर मागच्या सीटवर ठेवून त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, त्याच पंचवीस मिनिटांची फेरी मारा. आठ तासांच्या सरासरीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा साधारण ९ पीपीएम आहे, तासाभरासाठी साधारण ३०. पण गाडीत त्या आकड्यापर्यंत थांबू नका. काचा उघड्या असताना मीटर जे दाखवतो त्याहून बंद काचांत आकडा चढत गेला, तर एक भोक अजून राहिलंय.