मुलींना वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग कसा हाताळावा

लहान मुलीला लघवीच्या जागी खाज सुटली, तिथली त्वचा लाल झाली आणि चड्डीला पिवळसर डाग दिसू लागले, की ‘बुरशी झाली असेल’ असे म्हणून मलम आणले जाते. चार-आठ दिवस बरे जातात, महिन्याभराने तोच त्रास पुन्हा सुरू होतो आणि कपाटातली अर्धी उरलेली ट्यूब पुन्हा बाहेर निघते. असे तिसऱ्यांदा होऊ लागले, तर अधिक तीव्र औषध शोधण्याआधी मुलीला खरोखर बुरशीच झाली आहे का, हे आधी ठरवून घ्यावे. डायपर सुटलेल्या पण अजून वयात न आलेल्या मुलींच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच येते, आणि त्रास परत परत येण्याचे कारणही पुष्कळदा तेच असते.

पहिली पायरी : मुलीचे वय विचारात घ्यावे

या संसर्गाला कारणीभूत असणारी बुरशी, म्हणजे कॅन्डिडा, निरोगी माणसाच्या आतड्यात आणि त्वचेवरही थोड्या प्रमाणात असते. ती बेसुमार वाढण्यासाठी तिला अनुकूल जागा लागते. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीमार्गाचे अस्तर जाड होते, त्यात ग्लायकोजेन (साखरेचा साठवणीचा प्रकार) साठते आणि तिथला स्राव आम्लधर्मी होतो. असे वातावरण कॅन्डिडाला मानवते. वयात न आलेल्या मुलीत इस्ट्रोजेन अत्यल्प असते, अस्तर पातळ असते आणि आम्लता नसते, त्यामुळे साधारण तीन ते नऊ-दहा वर्षांच्या निरोगी मुलीला योनीमार्गात बुरशी होणे विरळाच. मात्र तेच पातळ अस्तर साबण, लघवी, घाम आणि घर्षण यांनी पटकन चुरचुरते, आणि या चुरचुरीची लक्षणे बुरशीसारखीच दिसतात.

डायपर वापरणाऱ्या बाळांची गोष्ट वेगळी आहे. तिथे ओलावा आणि ऊब सतत असल्यामुळे त्वचेवर कॅन्डिडाचे पुरळ उठणे अगदी सामान्य आहे. तसेच पाळी सुरू होण्याच्या सुमारास आणि त्यानंतर इस्ट्रोजेन वाढल्यामुळे खरी बुरशी पुन्हा शक्यतेच्या कक्षेत येते. याच टप्प्यावर आणखी एक गैरसमज होतो. पहिली पाळी येण्याच्या सहा महिने ते वर्षभर आधी अनेक मुलींना अंगावरून पांढरे किंवा पारदर्शक जाऊ लागते. त्याला खाज, दुर्गंधी किंवा जळजळ नसेल, तर तो आजार नसून वाढीचा भाग असतो आणि त्याला कोणतेही औषध लागत नाही.

दुसरी पायरी : लक्षणे पाहावीत आणि लिहून ठेवावीत

एका साध्या वहीत त्रास सुरू झाल्याची तारीख, खाज दिवसा येते की रात्री, स्राव असल्यास त्याचा रंग व वास, आधीच्या दोन-तीन आठवड्यांत घेतलेली औषधे, नवा साबण किंवा धुण्याची पावडर, पोहणे आणि शौचाची तक्रार एवढे टिपून ठेवावे. दोन-तीन वेळच्या नोंदी शेजारी ठेवल्या की, नुसत्या आठवणीवर विसंबून कधीच न दिसणारा मेळ दिसू लागतो. उदाहरणार्थ, प्रत्येक वेळी आधी प्रतिजैविकांचा कोर्स झालेला असणे.

कॅन्डिडामुळे त्वचा गडद, चकचकीत लाल होते; लाली जांघेच्या घड्यांत शिरते आणि मुख्य चट्ट्याच्या कडेबाहेर लहान लहान लाल पुटकुळ्या विखुरलेल्या दिसतात. साध्या डायपर-पुरळात घड्यांमधली त्वचा बहुधा वाचलेली असते. वयात आलेल्या मुलीत तीव्र खाज, जळजळ आणि दह्याच्या कवड्यांसारखा, फारसा वास नसलेला पांढरा स्राव दिसतो.

खाज मुख्यत्वे रात्री, मूल झोपल्यानंतर वाढत असेल, तर आधी जंतांचा विचार करावा. सुतासारखे पांढरे बारीक जंत रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालतात आणि तिथून पुढच्या बाजूलाही पोहोचतात. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्चच्या उजेडात गुदद्वाराभोवती पाहिल्यास ते कित्येकदा डोळ्यांना दिसतात. असे जंत असताना बुरशीचे मलम कितीही लावले तरी उपयोग होत नाही. डॉक्टर जंतांचे औषध सहसा घरातील सर्वांना एकाच वेळी देतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एक मात्रा देतात, कारण पहिल्या मात्रेने अंडी मरत नाहीत. त्याच काळात नखे कापणे, सकाळी उठल्याबरोबर अंघोळ घालणे आणि अंथरुण-पांघरूण धुणे आवश्यक असते.

घाण वास येणारा किंवा रक्तमिश्रित स्राव वारंवार होत असेल, तर योनीमार्गात कागदाचा तुकडा किंवा एखादी बारीक वस्तू अडकलेली असू शकते. गुदद्वाराभोवतीची त्वचा ठळक लाल होऊन दुखत असेल, तर घशाला संसर्ग करणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंचा संसर्ग तिथे झालेला असू शकतो. पांढरट, चकचकीत, पातळ झालेल्या त्वचेचे चट्टे दिसत असतील, तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचाविकार असू शकतो. त्याला बुरशी समजून वर्षानुवर्षे मलम लावले जाण्याचा धोका असतो. सोरायसिस आणि इसबही या जागी होतात.

तिसरी पायरी : औषधाआधी तपासणी करून घ्यावी

त्रास पुन्हा उद्भवला असेल, तर मलम सुरू करण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. आधी मलम लावून मग नमुना घेतला, तर बुरशी असूनही ती चाचणीत न दिसण्याची शक्यता असते. डॉक्टर बारीक कापसाच्या काडीने बाहेरच्या भागातून स्राव घेतात, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि गरज वाटल्यास कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखण्यासाठी, पाठवतात. कल्चरमुळे कॅन्डिडाची नेमकी जातही कळते. ग्लाब्राटासारख्या काही जातींवर नेहमीची औषधे कमी परिणाम करतात. जोडीला लघवीची तपासणी सहसा करतात.

लहान मुलीसाठी मोठ्या स्त्रियांच्या तपासणीचे उपकरण वापरले जात नाही. बहुतेक वेळा बाहेरून पाहणे पुरते. डॉक्टर काय करणार हे मुलीला आदल्या दिवशी तिच्या भाषेत सांगावे, आईने किंवा तिच्या विश्वासाच्या माणसाने जवळ थांबावे, आणि तिने ‘थांबा’ म्हटले तर थांबावे. या अवयवांची नावे संकोच न करता घेतल्यास मुलगी पुढच्या वेळी त्रास लपवत नाही, आणि उपचारासाठी हे चाचणीइतकेच महत्त्वाचे आहे.

चाचणीत कॅन्डिडा निश्चित झाला आणि मूल डायपरच्या वयाचे नसेल, तर पुढचा प्रश्न तो का झाला हा असतो. नुकतीच घेतलेली प्रतिजैविके, स्टेरॉइड औषधे, प्रतिकारशक्ती कमी करणारे आजार आणि मधुमेह ही त्याची प्रमुख कारणे होत. मुलीला खूप तहान लागते, वारंवार लघवी होते, वजन घटले आहे, किंवा कोरडी राहणारी मुलगी पुन्हा अंथरुणात लघवी करू लागली आहे, असे असेल तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी. लहान मुलांतील मधुमेह काही दिवसांत गंभीर रूप घेऊ शकतो.

चौथी पायरी : बुरशी ठरली, तरच बुरशीचे औषध द्यावे

बाळाच्या किंवा लहान मुलीच्या त्वचेवरील कॅन्डिडासाठी डॉक्टर सहसा क्लोट्रिमॅझोल किंवा निस्टॅटिनचे मलम देतात. जागा कोमट पाण्याने धुऊन, टिपून पूर्ण कोरडी करावी आणि मलमाचा पातळ थर केवळ बाहेरच्या त्वचेवर लावावा. लाली ओसरली म्हणून दुसऱ्या दिवशी औषध सोडू नये. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस पुरे करावेत. बाळाच्या तोंडात पुसून न निघणारे पांढरे चट्टे असतील तर तेही दाखवावेत, कारण तोंडातली बुरशी तशीच राहिली तर खालचे पुरळ परतते. योनीमार्गात ठेवायच्या गोळ्या वयात न आलेल्या मुलीला स्वतःहून कधीही देऊ नयेत. तोंडाने घ्यायचे फ्लुकोनॅझोल हे बुरशीचे औषध वजनानुसार आणि इतर औषधांचा विचार करून द्यावे लागते, म्हणून तेही डॉक्टरांच्याच हाती राहू द्यावे.

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान होते ते बुरशीरोधक औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असलेल्या मिश्र मलमांनी. त्यांनी खाज एका रात्रीत शमते, त्यामुळे ती ‘गुणकारी’ वाटतात आणि एकीकडून दुसरीकडे सुचवली जातात. स्टेरॉइड लाली झाकते, बुरशीला मात्र वाढायला मोकळीक देते आणि दीर्घ वापराने नाजूक त्वचा पातळ करते. ट्यूबवरची घटकांची नावे वाचावीत. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल ही स्टेरॉइडची नावे दिसल्यास डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय ती वापरू नये. दही, लसूण, व्हिनेगर, टी ट्री तेल असले घरगुती प्रयोगही या जागी करू नयेत. सोललेल्या त्वचेवर त्यांनी भाजल्यासारखी आग होते.

पाचवी पायरी : कारण काढून टाकावे

बुरशी नसून साधी चुरचुर असेल, तर पुढील सवयी हाच उपचार असतो. बुरशी असेल, तर त्याच सवयींमुळे ती परतणे कमी होते.

धुण्यासाठी फक्त साधे पाणी वापरावे. फेसाच्या पाण्यात बसवणे, सुगंधी साबण, जंतुनाशक द्रव आणि सुगंधी ओले वाइप्स बंद करावेत. डोक्याचा शॅम्पू त्या भागावरून वाहत राहणार नाही, असे पाहावे. त्रास सुरू असताना दिवसातून एक-दोनदा १० ते १५ मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसवावे, नंतर न घासता टिपून कोरडे करावे आणि चुरचुरणाऱ्या त्वचेवर पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचा थर द्यावा.

लघवीची पद्धत हा दुर्लक्षित भाग आहे. मोठ्या कमोडवर बसलेली लहान मुलगी आत घसरू नये म्हणून मांड्या जवळ घेते. त्यामुळे थोडी लघवी योनीमार्गात शिरते आणि उठल्यावर थेंबाथेंबाने चड्डीत येते. पायांखाली स्टूल द्यावे, चड्डी घोट्यापर्यंत खाली घ्यावी, गुडघे दूर ठेवून किंचित पुढे वाकून बसायला शिकवावे आणि झाल्यावर क्षणभर थांबू द्यावे. पुसताना किंवा धुताना हात नेहमी पुढून मागे न्यावा. पाच-सहा वर्षांच्या मुलीला हे सांगून भागत नाही, काही आठवडे सोबत राहून सवय लावावी लागते. शाळेत अनेक मुली लघवी दाबून धरतात. शिक्षकांशी बोलून तिला वेळेवर जाऊ द्यावे. बद्धकोष्ठता असेल तर तिच्यावरही उपचार करावेत.

चड्डी सुती आणि सैल असावी, रात्री चड्डीशिवाय सैल कपडे घालावेत, घट्ट लेगिंग्ज आणि ओला पोहण्याचा पोशाख अंगावर राहू देऊ नये. कपडे धुतल्यावर आणखी एकदा स्वच्छ पाण्यातून काढावेत. बाळाचे डायपर वारंवार बदलावे आणि दिवसातून काही वेळ ते पूर्ण काढून ठेवावे. पुढच्या आजारपणात प्रतिजैविकांची खरोखर गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे आणि आधी झालेला त्रास त्यांना सांगावा.

सहावी पायरी : तरीही परतले तर

या सवयी दोन-तीन आठवडे नेटाने पाळूनही फरक पडला नाही, तर वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे. त्वचारोगतज्ज्ञ किंवा लहान मुलींना तपासण्याचा अनुभव असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ यांचा सल्ला मागावा. पाळी सुरू झालेल्या मुलीला वर्षातून तीन किंवा अधिक वेळा चाचणीने सिद्ध झालेली बुरशी झाली, तर तो वारंवार होणारा संसर्ग समजला जातो आणि डॉक्टर काही महिने चालणारी प्रतिबंधक उपचारयोजना ठरवू शकतात.

रक्तस्राव, ताप, पोटदुखी, लघवी करताना तीव्र वेदना, फोड किंवा जखमा यांपैकी काही दिसल्यास वाट पाहू नये. मुलगी अचानक घाबरलेली, गप्प किंवा विशिष्ट व्यक्तीला टाळणारी झाली असेल, किंवा कोणी तिथे हात लावल्याचे तिने सांगितले असेल, तर तिचे म्हणणे शांतपणे ऐकावे, तिच्यावर प्रश्नांचा मारा करू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना ते स्पष्ट शब्दांत सांगावे.