सावलीत नको, सावलीच्या कडेला

ॲपर्चर, शटर, आयएसओ, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते ठरवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या तीन गोष्टी, तुम्हाला येतात असं धरून चालतो. तेवढं आठवडाभर व्हिडिओ बघून कुणालाही जमतं. ते जमूनही बाहेर काढलेल्या फोटोतला माणूस दमलेला, आजारी, कधी कधी चक्क हिरवट का दिसतो, हे कळायला मला फार वेळ लागला. हे लिहिणं त्याच्यासाठीच.

आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात शिकणाऱ्या पोरांचा क्रम ठरलेला आहे. आधी कॅमेरा, मग ५० एमएमची १.८ वाली लेन्स (१.८ हा ॲपर्चरचा आकडा, जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं), मग मित्राला गाडीवर मागं बसवून राजहंसगडाचा किल्ला नाहीतर गोकाकचा धबधबा. पोचेपर्यंत दुपार. मागं धबधबा पांढरा फटक, पुढं मित्राचा चेहरा काळा. घरी येऊन त्यावर विकतचा प्रीसेट, म्हणजे एका बटणात फोटोचे रंग बदलणारी तयार सेटिंग. मग मित्रही नारिंगी, धबधबाही नारिंगी. प्रीसेट विकणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, ते आताच सांगून टाकतो. तो प्रीसेट ज्या उजेडात बनला तो उजेड तुमच्या फोटोत नसेल, तर पैसे पाण्यात.

दुपारचा विषय आधी उरकू. बेळगाव १६ अंश उत्तर अक्षांशाच्या जरासं खाली आहे. त्यामुळं मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. ऑगस्टात ढग असतात म्हणून निभावतं. मेमध्ये मात्र भुवयांची सावली डोळ्यांत आणि नाकाची ओठांवर पडते, माणूस आठवडाभर झोपला नसावा असा दिसतो. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा पन्नास अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळं हिवाळ्यातली दुपार एक वेळ चालते. मेमधले सकाळचे दहा चालत नाहीत. घड्याळाचाही एक घोळ आहे. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरलेली, आपण ७४.५ च्या आसपास. म्हणजे आपली खरी दुपार बाराला होत नाही, साधारण साडेबाराला होते. बाराला ऊन उतरायला लागलं असं समजून निघालात तर फसाल. संध्याकाळी मात्र तोच अर्धा तास आपल्या पदरात पडतो.

त्या संध्याकाळच्या सोनेरी उजेडाचं कौतुक इतकं ऐकलेलं असतं की पोरं पाचपासून चहा पीत निवांत बसतात. युरोपातल्या व्हिडिओत तो उजेड तासभर रेंगाळतो, कारण तिकडं सूर्य तिरका घसरत जातो. आपल्याकडं तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून सहा अंशांवर आला की बुडेपर्यंत जेमतेम पंचवीस मिनिटं. खानापूर, जांबोटीकडं पश्चिमेला डोंगर, तिथं त्याहून कमी. त्यामुळं जागा, कपडे, कुणाला कुठं बसवायचं, हे सगळं आधी ठरवून ठेवा. त्या पंचवीस मिनिटांत लेन्स बदलत बसू नका.

आता मुद्द्याचं. "उन्हात काढू नको, सावलीत काढ" असं प्रत्येक जण सांगतो. मला फोटो शिकवणारे उस्तादही तेवढंच सांगायचे आणि पुढं निघून जायचे. हा सल्ला अर्धाच आहे, आणि अर्ध्या सल्ल्यानं माणूस जास्त काळ अडकतो, कारण आपण सांगितलेलं पाळतोय असं त्याला वाटत राहतं. मी आंब्याखाली काढले, वडाखाली काढले, देवळाच्या मंडपात आतवर नेऊन काढले. कुठंच ऊन नव्हतं आणि सगळे चेहरे मेलेले.

कारण साधं आहे. सावलीत ऊन नसतं, पण उजेड कुठून तरी येतच असतो, आणि तो कुठून येतोय ते आपण बघत नाही. झाडाच्या मधोमध उभ्या केलेल्या माणसावर उजेड येतो तो पानांतून गाळून आणि खालच्या गवतावरून उसळून. दोन्ही हिरवे. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग आपोआप सुधारणारी सोय, त्या हिरव्याशी झगडत बसतो आणि प्रत्येक फोटोत वेगळा निकाल देतो. त्यात पानांमधून उन्हाचे कवडसे गालावर पडले, की तो फोटो कुठल्याच ॲपमध्ये सुधारत नाही. मंडपात आत गेलात तर उजेड सगळीकडून सारखाच आणि थोडा, त्यामुळं नाकाला नाकपण राहत नाही, चेहरा सपाट.

करायचं ते एवढंच: माणसाला सावलीच्या आत नको, कडेला आणा. पाय सावलीतच, तोंड उघड्याकडं. झाड असेल तर सावली जिथं संपते तिथून हातभर आत. देऊळ असेल तर मंडपाचा पहिला खांब. बेळगावच्या किल्ल्याची वेस यासाठी उत्तम. कमानीच्या आत पाऊलभर उभं करा, मागचा अंधार आपोआप काळा पडदा होतो. जागा बघताना कॅमेरा काढूच नका. आपली मूठ तोंडासमोर धरा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरा. जिथं मुठीची एक बाजू उजळ आणि दुसरी हळूहळू काळवंडत गेलेली दिसेल, तिथं थांबा. मुठीच्या जागी चेहरा आणायचा, झालं. लोक हसतील. हसू देत.

आणि डोळे बघा. बुबुळात उघड्या आभाळाचा पांढरा ठिपका दिसत नसेल तर बटण दाबूच नका.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. आमच्या आत्याचा फोटो काढायचा होता. इरकल लुगडं, नाकात नथ, सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, भिंतीला टेकून बसलेली. जागा बघायला सुंदर, जुना लाकडी खांब, कोपऱ्यात कणगी. फोटोत डोळ्यांच्या जागी नुसते दोन खड्डे. तिला उठवून सोप्याच्या कडेला, कौलांची पागोळी पडते तिथं कट्ट्यावर बसवलं. अंगणात ऊन होतं, ते समोरून तोंडावर आलं आणि डोळे एकदम जागे झाले. पण हनुवटी नि गळा तांबूस, जसं काही कुणी खालून शेकोटी पेटवलीय. खानापूरची माती! लाल अंगणावरून उसळलेला उजेड लालच येणार. दोरीवर काकांचं धोतर वाळत होतं, ते ओढून अंगणात तिच्या समोर पसरलं. गळ्याचा तांबूसपणा गेला, सुरकुतीन् सुरकुती स्वच्छ. आत्या म्हणाली, "धुतलेलं धोतर मातीत घातलास व्हय रे? आणि किती वेळ बसवालास?" तो वैताग चेहऱ्यावर होता तेव्हाचाच फोटो घरात लागलाय.

तेव्हापासून मी आधी जमीन बघतो. खानापूरकडं ती लाल आहे, रंग फेकते. अथणी, रायबागकडं काळी, ती उजेड गिळते. तिकडं हनुवटीखाली अंधार राहतो, म्हणून खालून पांढरं काहीतरी धरावंच लागतं. उसाच्या फडात शिरलात तर दोन्ही बाजूंनी हिरवं, आंब्याखालचीच गत. ऊस मागं ठेवा, माणूस बांधावर, तोंड रस्त्याकडं. सिमेंटचं अंगण किंवा पांढरी भिंत समोर मिळाली तर देव पावला. उजेड उसळवायचा रिफ्लेक्टर विकत घेऊ नका. थर्माकोलचा एक शीट घ्या, मधून कापा, मागून चिकटपट्टी लावून पुस्तकासारखा मिटता येईल असा करा. राजहंसगडावर मात्र नेऊ नका, वारा तो थेट येळ्ळूरच्या शिवारात पोचवेल.

पावसाळ्याबद्दल लोक उगाच रडतात. जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं असतं, म्हणजे काढायला दिवसभर मोकळीक. फक्त ढगातला उजेड वरून येतो, त्यामुळं उघड्यावर डोळ्यांखाली काळं राहतंच. पुन्हा तेच: कौलाखाली, वेशीत, पागोळीच्या आत. नाहीतर माणसाला खाली बसवा, तुम्ही उभे राहा आणि त्याला वर बघायला सांगा.

आता पटापट. १.८ वर सगळे फोटो काढू नका. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० एमएमनं मीटरभरावरून काढलंत तर १.८ ला जेमतेम तीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर, कान गायब. ४ वर या, जवळच्या डोळ्यावर फोकस करा. शटर १/२०० सेकंदापेक्षा संथ नको, माणसं श्वास घेतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून एकाच जागी ठेवा. मागं पांढरं आभाळ असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) अर्धा-एक स्टॉप वाढवा, एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट, नाहीतर कॅमेरा आभाळ सांभाळायला जातो आणि माणूस काळवंडतो. पांढरा पटका, पांढरा सदरा घातलेल्या आजोबांच्या बाबतीतही तेच. मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट ठेवा, तोही ऐकतो. कॅमेरा नाही म्हणून थांबू नका, खरंच. सावलीची कड मोबाइललाही तेवढीच चालते.

"जरा गोरं करून दे" हे प्रत्येक जण म्हणतो, लग्नाचं स्थळ बघायचं असेल तर दोनदा म्हणतो. करू नका. सावळ्या कातडीवर कडेचा उजेड फार सुंदर वळतो, तो तुम्हाला पकडता आला की पुढं कुणी गोरं करायला सांगत नाही. हे मी ठासून सांगतो, कारण चेहरे घासून गुळगुळीत करण्यात इकडं कितीतरी चांगल्या फोटोग्राफरांचा हात बिघडलाय.

शिकायचं कुणाकडं? एक दिवसाच्या वर्कशॉपमध्ये पैसे घालू नका. तिथं मॉडेल आणलेली असते, दिवे लावलेले असतात, जागा सरांनी निवडलेली असते. तुम्ही रांगेत उभं राहून सरांनीच रचलेला फोटो आपल्या कार्डावर घेऊन येता. त्यापेक्षा लग्नसराईत एखाद्या जुन्या फोटोग्राफरच्या पिशव्या उचला आणि कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी तो नवरीला कुठं नेऊन उभं करतो ते बघा. मात्र "शिकतोयस ना" म्हणत सगळा हंगाम फुकट राबवणारेही असतात. माझ्याही वाट्याला आले. जेवण आणि पेट्रोल तरी आधी ठरवून घ्या, लाजू नका. जुन्या लोकांना उजेड का कळतो याचं नवल नाही. स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावला आले होते, तेव्हाचे त्यांचे फोटो आजही छापले जातात. त्या काळी स्टुडिओत विजेचे दिवे नव्हते, उत्तरेकडच्या खिडकीतून किंवा काचेच्या छतातून येईल त्या उजेडावरच सगळं काम. म्हणजे सावलीची कडच ती, चार भिंतींत बांधलेली.

बाजारात, जत्रेत, सौंदत्तीला डोंगरावर काढायचं असेल तर आधी बोला, मग कॅमेरा वर करा. मराठीत बोललात आणि समोरून कन्नड आलं तर गडबडू नका, "इल्ली नोड्री" (इकडं बघा) आणि "स्वल्प नग्री" (जरा हसा) एवढ्यावर माणसं खुलतात. उच्चार चुकला तर जास्तच हसतात, तेव्हाच बटण दाबा. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, संरक्षित वास्तू आहे, तिथं ट्रायपॉड उभा करायचा तर परवानगी लागते. कॅम्प भागात लष्कराच्या जागांकडं कॅमेरा वळवूच नका. जवान आधी कॅमेरा बघतो, तुमचं वय नंतर.

आणि ज्याचा फोटो काढला त्याला तो छापून द्या. स्क्रीनवर चेहरा जितका उजळ दिसतो तितका कागदावर येत नाही, म्हणून लॅबला देण्याआधी किंचित उजळ करा. आधी एकच प्रिंट मागवा. ती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको, बाहेर पायरीवर येऊन बघा, मग बाकीच्या छापायला द्या.