कूलर बंद करण्याआधी

मे महिन्यात नागपुरातल्या बंद खोलीत मृतदेह सापडला की आत गेलेला पहिला शिपाई खिडकी उघडतो आणि कूलर बंद करतो. त्या वासात दुसरं काही सुचत नाही, हे मला कळतं. पण तेवढ्यात पुरावा बिघडतो. मी प्राणिशास्त्र शिकवते, पोलिसांच्या तुकड्यांना कीटकांवर तास घेते, आणि सुरुवात कूलरपासूनच करते.

माशी देहावर अंडी घालते, आणि त्यातून आलेली अळी किती वाढली यावरून मृत्यूची वेळ काढतात. पण ती किती वेगानं वाढते, हे तापमानावर ठरतं. बाहेर ४५ अंश, आणि ओल्या वाळ्याच्या ताट्यांमागे खोली कितीतरी थंड. नुसत्या सोनेगावच्या वेधशाळेच्या आकड्यांवर विसंबलात तर मृत्यूची वेळ चुकेल. म्हणून आधी लिहा: कूलर चालू होता का, टाकीत पाणी होतं का, खिडक्या कशा होत्या. मग तापमान घ्या: खोलीचं, देहाखालचं, अळ्यांच्या गोळ्याचं. तो गोळा स्वतःच तापतो.

आता मुंग्या. बनियनच्या कडेला तपकिरी, वाळल्या चामड्यासारखी वेडीवाकडी रेघ दिसली की नवखा माणूस ‘खरचटल्याच्या जखमा’ लिहून मोकळा होतो. भिंग घ्या. कडा बारीक कुरतडलेल्या, भोवती ना लाली ना सूज, म्हणजे बहुधा मुंग्यांनी मृत्यूनंतर खाल्लेली कातडी. निर्णय डॉक्टरांचा, पण मुंग्या होत्या हे पंचनाम्यात तुम्हीच लिहायचं, कारण शवागारात त्या दिसतीलच असं नाही.

बल्बवर, ट्यूबलाइटजवळ रक्ताचे बारीक ठिपके असतील तर घाई नको. माशी रक्त पिते आणि दुसरीकडे ओकते, हगते. प्राथमिक चाचणीत हे ठिपकेही रक्तच दाखवतात. खऱ्या शिंतोड्यांच्या शेपट्यांवरून रक्त कुठून उडालं ते कळतं. माशीच्या ठिपक्यांच्या शेपट्या वाटेल तिकडे. पट्टी ठेवून फोटो काढा.

नमुन्यांसाठी सर्वांत मोठ्या अळ्या आधी. निम्म्या अळ्या कडक गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून ८० टक्के अल्कोहोलमध्ये. फॉर्मलिन नको, त्यात डीएनए खराब होतो. निम्म्या जिवंत, कलेजीच्या तुकड्यावर, बरणीच्या तोंडाला कापड बांधून. भिंतीच्या कडेला, गादीखाली, चटईखाली कोष शोधा. उंदराच्या लेंड्या समजून ते झाडले जातात, आणि नेमके तेच सर्वांत जुने असतात. ते सुटले तर मृत्यू खऱ्यापेक्षा काही दिवस अलीकडचा ठरतो.

तारीख, वेळ, देहाचा कुठला भाग, हे पेन्सिलीनं लिहून चिठ्ठी बरणीच्या आत टाका. अल्कोहोलमध्ये पेनाची शाई विरघळते.