रोबोटला संत्रे निळे दिसते तेव्हा: कॅमेऱ्याच्या प्रतिमा आणि संदेश कसे तपासावेत

कळमना बाजारातून आणलेली संत्री सरकत्या पट्ट्यावर ठेवून रंगावरून त्यांची प्रतवारी करणारा एक लहान रोबोट आम्ही नागपुरात, घरच्या गच्चीवरील खोलीत बसवला, तेव्हा पहिल्या दिवशी त्याने एकही संत्रे ओळखले नाही. दोन संध्याकाळी मी रंगाच्या मर्यादा बदलत राहिलो. दोष मात्र कॅमेऱ्याकडून येणाऱ्या संदेशात होता. म्हणून रॉस २ वर, म्हणजे रोबोटचे प्रोग्राम लिहिण्याच्या आणि एकमेकांशी जोडण्याच्या प्रणालीवर, काम करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, ओळखीच्या कोडला हात लावण्यापूर्वी संदेश पोहोचतो का, कोणत्या स्वरूपात पोहोचतो आणि पोहोचेपर्यंत किती शिळा होतो, हे याच क्रमाने तपासावे.

टॉपिकवर, म्हणजे संदेशांच्या नामांकित वाहिनीवर, संदेश किती वेगाने येतात ते दाखवणारा ‘रॉस२ टॉपिक हर्ट्झ’ हा आदेश दिल्यावर सेकंदाला ३० प्रतिमा दिसतात आणि तरीही आपला नोड, म्हणजे रोबोटचे एक काम करणारा प्रोग्राम, गप्प राहतो, अशी स्थिती असेल तर बहुधा क्यूओएस, म्हणजे संदेश पोहोचवण्याच्या अटी, जुळत नसतात. कॅमेऱ्याचा पब्लिशर (संदेश पाठवणारा) ‘बेस्ट एफर्ट’ पद्धतीने, म्हणजे हरवलेला संदेश पुन्हा न पाठवता, पाठवत असेल आणि आपला सबस्क्रायबर (संदेश घेणारा) ‘रिलायेबल’, म्हणजे पोहोचण्याची हमी, मागत असेल, तर दोघांची जोडणीच होत नाही. टर्मिनलवर इशाऱ्याची एक ओळ येते आणि इतर मजकुराच्या गर्दीत ती सहज निसटते. ‘रॉस२ टॉपिक इन्फो’ला ‘व्हर्बोज’ जोडून दोन्ही बाजूंच्या अटी शेजारी ठेवून वाचाव्यात आणि सबस्क्रायबरला सेन्सर डेटासाठीचे तयार प्रोफाइल, म्हणजे अशा अटींचा संच, द्यावे.

आता रंगाकडे वळू. प्रतिमांवर काम करणारी ओपनसीव्ही ही लायब्ररी रंगांचा क्रम निळा, हिरवा, लाल असा धरते, तर अनेक कॅमेरा ड्रायव्हर लाल, हिरवा, निळा या क्रमाने, म्हणजे ‘आरजीबी८’ म्हणून प्रतिमा पाठवतात. रॉसची प्रतिमा ओपनसीव्हीच्या स्वरूपात आणणाऱ्या सीव्ही ब्रिजला अपेक्षित एन्कोडिंग, म्हणजे रंगांचा क्रम, सांगितले नाही, तर तो आलेला क्रम तसाच पुढे देतो. ओपनसीव्हीच्या एचएसव्हीमध्ये, म्हणजे रंग छटा, गडदपणा आणि उजळपणा यांत मांडण्याच्या पद्धतीत, रंगछटा ० ते १७९ मध्ये मोजली जाते. पिकलेल्या संत्र्याची छटा १५ च्या आसपास असते, आणि लाल व निळ्याची अदलाबदल झाली की तेच संत्रे १०५ वर, म्हणजे निळ्यात जाऊन बसते. आमची मर्यादा १० ते २५ होती. तीत काहीच सापडणार नव्हते. रूपांतर करताना ‘बीजीआर८’, म्हणजे निळा, हिरवा, लाल हा क्रम, स्पष्टपणे मागितला आणि प्रश्न सुटला. याची खात्री करण्यासाठी पट्ट्यावर एक पिकलेले संत्रे ठेवावे, त्याच्या मधोमधच्या एका पिक्सेलचे तीन आकडे छापावेत आणि सर्वांत मोठा आकडा तिसऱ्या जागी आहे ना, ते पाहावे. केवळ खिडकीतल्या चित्रावर विसंबू नये.

शिळेपणाचा दोष अधिक फसवा असतो, कारण ओळख अचूक होते आणि रोबोटचा हात मात्र रिकाम्या जागी पडतो. कॅमेरा सेकंदाला ३० प्रतिमा देत असेल, आपल्या कॉलबॅकला, म्हणजे प्रतिमा आली की चालणाऱ्या कोडला, एका प्रतिमेसाठी पाव सेकंद लागत असेल आणि रांगेची खोली १० असेल, म्हणजे वाट पाहणाऱ्या १० प्रतिमा रांगेत राहत असतील, तर नवी प्रतिमा येताच रांगेतील सर्वांत जुनी गळते खरी, पण हाती येणारी प्रतिमाही सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांशाइतकी जुनी असते. पट्टा सेकंदाला ३० सेंटिमीटर सरकत असेल तर तेवढ्यात संत्रे १० सेंटिमीटर पुढे गेलेले असते. रांगेची खोली १ करावी. प्रक्रियेचा पाव सेकंद तरीही उरतोच. म्हणून निकालाच्या संदेशात सध्याची वेळ न भरता मूळ प्रतिमेच्या हेडरमधील स्टॅम्प, म्हणजे प्रतिमा टिपल्याची वेळ, जसाच्या तसा उतरवावा, म्हणजे हात चालवणाऱ्या नोडला संत्रे किती सरकले ते मोजता येते. कॅमेरा एका संगणकावर आणि हात दुसऱ्यावर असेल, तर दोघांची घड्याळे क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामने जुळवून घेतल्याशिवाय हा हिशेब करू नये.

वायफायचाही हिशेब पाहावा. ६४० गुणिले ४८० आकाराच्या रंगीत प्रतिमेत ९,२१,६०० बाइट असतात. सेकंदाला ३० प्रतिमा म्हणजे जवळपास २७.६ मेगाबाइट होतात. नेटवर्कच्या नेहमीच्या १५०० बाइटांच्या मर्यादेत एका प्रतिमेचे सहाशेहून अधिक तुकडे पडतात आणि ‘बेस्ट एफर्ट’मध्ये त्यांतील एक हरवला तरी अख्खी प्रतिमा जाते. अशा वेळी ‘कॉम्प्रेस्ड’, म्हणजे आकाराने लहान केलेल्या प्रतिमांचा, टॉपिक वापरावा.

आपल्याकडच्या मे महिन्यात आणखी एक कारण जोडले जाते. गच्चीवरच्या खोलीत रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे तापमान ८० अंशांच्या पुढे गेले की तो स्वतःची गती कमी करतो; सकाळी नीट चालणारा कोड दुपारी रेंगाळू लागला, तर कोड उलगडण्याआधी तापमान पाहावे आणि पंखा बसवावा.

दुरुस्तीपूर्वी संदेश नोंदवणाऱ्या ‘रॉस२ बॅग’ने मिनिटभराचे संदेश नोंदवून ठेवावेत आणि प्रत्येक बदल त्याच नोंदीवर तपासावा. नोंद पुन्हा चालवताना ‘क्लॉक’ हा पर्याय द्यावा आणि नोडला ‘यूज सिम टाइम’, म्हणजे नोंदीतील वेळ वापर, असे सांगावे. अन्यथा कालच्या प्रतिमेचे वय आजच्या घड्याळाने मोजले जाते आणि प्रत्येक संदेश तासन्‌तास शिळा ठरतो.