दोन शिक्षकी शाळेत मुलांचा बाजार कसा भरवावा

आमची शाळा अकोले तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. मी आणि गुरुजी, दोघंच. शिक्षण हक्क कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात आणि वाडी-वस्तीवरच्या आमच्यासारख्या शाळांचा पट साठच्या बराच खाली असतो. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. कागदोपत्री ज्याला बाल आनंद मेळावा म्हणतात आणि पोरं ज्याला नुसतं बाजार म्हणतात, तो आमच्याकडे दर जानेवारीत भरतो. नव्यानं रुजू झालेले शिक्षक फोन करून विचारतात, "बाई, दोघांत कसं जमवता?" त्यांच्यासाठी हे सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. हा बाजार पोरांचा आहे. मंडप, फीत, सत्काराचे नारळ आणि भाषणं यांत दुपार गेली तर पोरांच्या हाती काही लागत नाही. आमचा बाजार जेमतेम दोन तास चालतो. खरं शिकणं त्याच्या आधीच्या महिनाभरात आणि दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात होतं. शक्ती तिथं खर्च करा.

दिवस कोणता धरायचा

संक्रांत झाल्यावर आणि २६ जानेवारीच्या आधी. भाताची झोडणी उरकलेली असते, आयाबायांना दुपारी थोडी उसंत असते आणि माल मुबलक असतो: हरभऱ्याची भाजी, वालाच्या शेंगा, बोरं, आवळे, लिंबं. वार शुक्रवार घ्या. शनिवारी सकाळची शाळा असते, पैसे आणि आठवणी दोन्ही ताज्या असतात, त्यामुळे हिशेबाला तो वेळ बरोबर मिळतो. जवळच्या मोठ्या गावाचा आठवडे बाजार आणि गावची जत्रा तेवढी टाळा. वेळ दुपारी दोन ते चार, पोषण आहार जेवून झाल्यावर. हे महत्त्वाचं आहे. उपाशी पोर स्वतःच्याच लाडवांवर हात मारतं आणि मग त्याचा हिशेब लागत नाही.

केंद्रप्रमुखांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यामुळे ती बैठक झाली की गावात वेगळी दवंडी लागत नाही.

डिसेंबरपासूनची तयारी

परसबागेत मेथी आणि मुळा डिसेंबरच्या मध्यात पेरा. थंडीत मेथी महिन्याभरात उपटायला येते. कोथिंबीर हवी असेल तर ती डिसेंबर लागताच टाका, तिला दीड महिना लागतो. हे मी अगोदर सांगतेय कारण प्रत्येक पोराच्या घरी विकायला माल असतोच असं नाही. आमच्याकडची कितीतरी घरं हंगामात मजुरीला नारायणगाव-आळेफाट्याकडे जातात आणि पोरं आजीपाशी राहतात. त्या आजीला "उद्या विकायला काहीतरी करून दे" असं सांगणं बरोबर नाही. अशा पोरांना परसबागेचा माल द्यायचा. पेरायला, पाणी घालायला तीच पुढे असतात, तेव्हा माल त्यांचाच होतो, कुणी उपकार केल्यासारखं वाटत नाही.

जोड्या लावा. एक मोठं, एक लहान: चौथीतलं आणि पहिलीतलं, तिसरीतलं आणि दुसरीतलं. मोठ्यानं हिशेब करायचा, लहान्यानं माल द्यायचा आणि नाणी ओळखायची. दोन शिक्षकांना एवढी दुकानं एका वेळी सांभाळता येतात ती या जोड्यांमुळेच.

रोजच्या परिपाठात सुविचार, दिनविशेष, बातम्या झाल्या की पाच मिनिटं दुकान मांडायचं. गणित पेटीत खोट्या नोटा आणि नाणी असतात, ती काढायची. एक जोडी विकते, एक घेते, बाकीची शाळा बघते. उरलेले पैसे परत करताना आमची पोरं वजाबाकी करत नाहीत, किराणा दुकानदार करतो तसं पुढे मोजतात. तेरा रुपयांचा माल आहे, गिऱ्हाइकानं वीसची नोट दिली. पोर "तेरा" म्हणतं, एक रुपया ठेवून "चौदा", आणखी एक ठेवून "पंधरा", मग पाचचं नाणं ठेवून "वीस". झालं. हातच्याची वजाबाकी वहीत करायचीच आहे, पण बाजारात गिऱ्हाईक उभं असताना ही रीत लवकर जमते आणि चुकत नाही. पहिलीतली पोरंसुद्धा जानेवारीपर्यंत दहाच्या आत असे सुटे द्यायला लागतात.

वजनाचा सराव मात्र वेगळा करायला नको, तो रोज डोळ्यांसमोर असतो. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ असं प्रमाण आहे. चौथीतली दोन पोरं हजेरी मोजतात, तांदूळ किती लागेल ते काढतात आणि स्वयंपाकी ताईंच्या समोर तोलतात. तीस हजर, तीन किलो तांदूळ, सहाशे ग्रॅम डाळ. महिनाभर हे केलेलं पोर बाजारात तराजूला घाबरत नाही.

तराजू आणि मापं गावातल्या दुकानदाराकडून एका दिवसासाठी मागून आणा. कमी पडली तर काठी, दोरी आणि दोन ताटल्यांची तागडी करा. अर्धा किलोचं वजन नसेल तर अर्ध्या लिटरची बाटली पाण्यानं भरून एका पारड्यात ठेवा आणि तसलीच रिकामी बाटली मालाच्या पारड्यात. बाटलीचं वजन दोन्हीकडे सारखं होतं, उरतं ते अर्ध्या लिटर पाण्याचं, म्हणजे अर्धा किलो. ही युक्ती पोरांना आधी करून दाखवा आणि खऱ्या मापाशी ताडून बघू द्या.

गावात कुणाकडे पायली आणि शेर ही धान्य भरून मोजायची जुनी लाकडी किंवा पितळी मापं असतील तर त्या आजोबांना एक दिवस बोलवा. चार शेरांची पायली, हे त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. मग एक शेर तांदूळ आणि एक शेर पोहे तोलून बघा. माप तेच, वजन वेगळं. तिसरी-चौथीची पोरं त्यावर अर्धा तास वाद घालतात. घालू द्या.

काय विकायचं, काय नाही

घरचं, शेतातलं, रानातलं आणि हातानं केलेलं, एवढंच. दुकानातली कुरकुरीची पाकिटं आणि चॉकलेटं आणून पुन्हा विकणं आम्ही बंद ठेवलंय. त्यात पोराला करायला काही उरत नाही आणि मैदानभर प्लास्टिक होतं. तळणीचं काही असेल तर ते आईनं घरी तळून झाकून द्यायचं, मैदानात शेगडी पेटवायची नाही. भांडवल जास्तीत जास्त ५० रुपये. ही मर्यादा पालकांच्या बैठकीत स्पष्ट सांगा, नाहीतर एकाच्या टेबलावर तीनशे रुपयांचा माल येतो आणि शेजारचं पोर चार लिंबं घेऊन बसतं.

एक दुकान मात्र दरवर्षी असावं, बियाण्यांचं. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० सालची पद्मश्री मिळाली. पोरांना त्या ठाऊक आहेत. आपल्या आजीच्या मडक्यातही तसलंच बियाणं आहे हे मात्र बाजाराच्या निमित्तानं कळतं. वाल, दोडका, भोपळा, काकडी असं थोडं थोडं आणायचं, वहीच्या कागदाच्या पुड्या बांधायच्या आणि प्रत्येक पुडीवर नाव लिहायचं. लिहायचं काम पहिली-दुसरीचं. सुंदर हस्ताक्षराचा तास वेगळा घ्यावा लागत नाही. पुडी दोन रुपयांना. या दुकानावर बायका सर्वांत जास्त वेळ थांबतात. "हा पांढरा वाल कुणाकडचा गं?" असं सुरू होतं आणि बियाणं एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जातं.

भाव आधी वर्गात ठरवा. शेंगदाणे पाव किलो ३५ रुपये, गूळ पाव किलो १५, एकूण ५०. लाडू झाले वीस. मग एक लाडू कितीला पडला? अडीच रुपये. पाचला विकायचा की चारला? भाव पाच ठरला तर खाली कुठपर्यंत उतरायचं, तेही ठरवून चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवायचं. घासाघीस होणारच, ती होऊ द्या.

बाजाराच्या दुपारी

मैदानावर फक्कीनं एक लांब रेघ मारा. आत पोरं, बाहेर मोठी माणसं. आई-बापांनी दुकानामागे बसायचं नाही, हा नियम आम्ही कुणासाठीही मोडत नाही. सुट्टे पैसे आदल्या दिवशी आणून ठेवा: एक, दोन आणि पाचची नाणी मिळून तीनशे-चारशे रुपये, बाकी दहाच्या नोटा. गावाला आधीच सांगा की पाचशेची नोट चालणार नाही आणि फोनवरून पैसे देणंही नाही. पैसा हातात आला, मोजला, डब्यात पडला, हे पोरानं बघायला हवं. फोनच्या आवाजानं त्याला काही कळत नाही.

आम्ही दोघं कामं वाटून घेतो. गुरुजी तराजूंपाशी, मी फिरती. गावातल्या एखाद्या थोराड मुलाला रस्त्याच्या बाजूला उभं करा, पिण्याच्या पाण्याचा हंडा झाकून सावलीत ठेवा. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या जोडीनं हात धुतलेत की नाही ते मी स्वतः बघते. समितीच्या अध्यक्षांनी पहिली खरेदी केली की उद्घाटन झालं.

मग मागे राहायचं. हे सर्वांत अवघड आहे आणि सर्वांत गरजेचं. गेल्या बाजारात दुसरीतली एक मुलगी मेथी विकत होती. जुडी दहाला. एक आजी आली.

"दहाला दोन दे की."

"नाय परवडत आजी."

"अगं, सुकली ती."

मुलीनं जुडी उचलली, उलटी केली, मुळांना लागलेली ओली माती दाखवली. "आत्ता उपटलीय. हात लावून बघ."

आजीनं हात लावून बघितला आणि दहाची नोट काढली. शेजारी उभी असलेली मुलीची आई मधे बोलायला निघाली होती, मी तिचा हात धरला. असे हात दुपारभर धरावे लागतात. एखादं पोर सुटे मोजताना अडखळलं की भोवतीची चार माणसं एकदम उत्तर सांगतात. तिथं जाऊन हळूच सांगायचं, "मोजतोय तो, मोजू द्या." रांग लागली तरी चालेल.

साडेतीनच्या सुमाराला एक गोष्ट घडते, तिच्याकडे लक्ष ठेवा. भाजीवाल्या जोड्या कुजबुजायला लागतात. मेथी उद्या राहणार नाही हे त्यांना कळलेलं असतं, म्हणून भाव उतरतो, दहाला दोन होतात. आवळेवाले आणि बियाणंवाले ढिम्म बसून राहतात, त्यांना घाई नसते. हे कुणी शिकवलेलं नसतं. पण शनिवारी विचारायचं: भाव कुणी उतरवला आणि का?

शनिवारचा हिशेब

प्रत्येक जोडीला एक कागद, त्यावर चार रकाने: माल, घातलेले पैसे, आलेले पैसे, उरलेला माल. पहिलीची पोरं नाण्यांचे दहा-दहाचे ढीग लावतात. दुसरी ढीग मोजून सांगते, तिसरी-चौथी लिहिते. लाडवांच्या जोडीचं असं झालं: घातले ५०, अठरा लाडू विकले, आले ९०, उरले दोन लाडू, नफा ४०. चौथीनं मग सगळ्या दुकानांची बेरीज फळ्यावर मांडायची आणि कुठल्या मालाची विक्री किती झाली त्याचे स्तंभ चौकटीच्या कागदावर काढायचे. दीड तास जातो. पाठ्यपुस्तकातली नफा-तोट्याची कुठलीही उदाहरणं यापुढे सोपी वाटतात.

घरून घेतलेलं भांडवल आधी आईच्या हातात परत करायचं, नफा पोरांचा. शाळेच्या खर्चासाठी तो गोळा करायचा नाही. रंगरंगोटीला, साउंडला पैसे लागतात हे मला कळतं, ते दुसरीकडून उभे करावेत. परसबागेच्या मालाचा नफाही तो विकणाऱ्या जोडीचाच, फक्त बियाण्याचे पैसे वजा करायचे.

गेल्या वेळी कागद भरताना चौथीतल्या एका मुलानं हात वर केला. "बाई, लाडू आईनं वळले. तिची मजुरी कुठल्या रकान्यात?" वर्ग गप्प झाला, मग एकदम सगळे बोलायला लागले. कुणी म्हणे घरच्या कामाची मजुरी नसते, कुणी म्हणे मग नफा खोटाच. गुरुजींनी शेतमजुरीचा दिवसाचा भाव विचारला, पोरांना तो तोंडपाठ होता. त्यावरून तासाचा काढला आणि नफ्यातून वजा केला. दोन दुकानं तोट्यात गेली. तेव्हापासून आमच्या कागदाला पाचवा रकाना आहे, मजुरीचा. तुम्ही तो पहिल्या वर्षी घालू नका, पोरांनी विचारेपर्यंत थांबा. विचारलंच नाही कुणी, तर हिशेब पुरा झाल्यावर एवढंच विचारा: "हे सगळं करायला घरात कोण कोण राबलं?"